कल्पित दैवते आणि षष्ठी विभक्ती

विज्ञानकथेतील परग्रहवासी जातींची शरीररचना, त्यांची नगरे, त्यांची याने आणि शस्त्रे ह्यांविषयी समीक्षकांनी बरेच लिहिले आहे. त्यांच्या दैवतांचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. वस्तुतः कल्पकाची कसोटी तेथेच लागते. सहा हातांचा प्राणी रेखाटणे फारसे अवघड नाही. त्या प्राण्याने संकटसमयी कोणाला आणि कोणत्या नावाने हाक मारावी हे ठरविणे अवघड आहे. नाव सुचले तरी त्या नावामागे गाव, घराणे, भांडण, नवस आणि विसरलेल्या कथा ह्यांचा जो साठा असावा लागतो, तो एका लेखकाने एका बैठकीत कसा उभा करावयाचा, हा प्रश्न उरतोच.

मराठी विज्ञानकथेने हा प्रश्न बहुधा बाजूला ठेवला. जयंत नारळीकर ह्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या ‘कृष्णविवर’ ह्या कथेपासून आधुनिक मराठी विज्ञानकथेचा एक नवा टप्पा मानला जातो. त्यांच्या पुढील तीन पुस्तकांची केवळ शीर्षके पाहिली तरी एक गोष्ट ध्यानी येते. ‘यक्षांची देणगी’ (१९७९), ‘प्रेषित’ (१९८३) आणि ‘वामन परत न आला’ (१९८६) ह्या तिन्ही नावांतील मुख्य शब्द धर्माच्या कोशातून उचललेले आहेत. यक्ष ही भारतीय परंपरेतील उपदेवता. प्रेषित हा शब्द मराठीत पैगंबरासाठी रूढ आहे आणि मराठी बायबलात तो ख्रिस्ताच्या शिष्यांसाठी येतो. वामन तर विष्णूचा अवतारच. कादंबरीतील प्रेषित हा परलोकीचा जीव आहे आणि वामन हा यंत्रमानव आहे. म्हणजे परका, अधिक सामर्थ्यवान असा जीव कथेत आला की मराठी भाषा त्याला देवकोटीतील शब्द देऊन मोकळी होते. परग्रहवासी येथे स्वतःच देवाच्या जागी बसतो. त्याला स्वतःला देव असतात की नाहीत, ही विचारपूस होत नाही. ह्यात नारळीकरांचा दोष नाही. त्यांच्या कथांचे प्रयोजन वैज्ञानिक दृष्टी रुजविणे हे होते आणि ते त्यांनी उत्तम साधले. तथापि एक दालन रिकामे राहिले, हे नमूद करणे प्राप्त आहे.

ते दालन इतरत्र भरले गेले आहे काय, हे पाहू गेल्यास इंग्रजी भाषेतील दोन उदाहरणे विशेष विचारार्ह ठरतात. दोन्ही ग्रंथरूप नाहीत. एक दूरचित्रवाणी-मालिका आहे, दुसरा संगणकावरील खेळ आहे. विद्यापीठीय अभ्यासकाने त्यामुळे नाक मुरडण्याचे कारण नाही. वाघ्यामुरळीची गाणीही एके काळी अभ्यासविषय मानली जात नव्हती.

पहिले उदाहरण ‘बॅबिलॉन फाइव्ह’ ह्या मालिकेतील सेंटॉरी जातीचे. फेब्रुवारी १९९४ मध्ये प्रथम दाखविल्या गेलेल्या एका भागात निरनिराळ्या जाती आपापला धर्म इतरांपुढे मांडतात. सेंटॉरींचा राजदूत लोंडो मोलारी मेजवानी देतो, यथेच्छ मद्यपान करून मेजावर चढतो आणि तेथे मांडलेल्या कुलदेवतांच्या मूर्तींना उद्देशून बोलू लागतो. व्हेन्झेन हा अन्नाचा देव, ली ही कामवासनेची देवता, मोगॉथ हा पाताळाचा देव आणि घराच्या पुढच्या दाराचा रक्षक. प्रेक्षक हसतो आणि प्रसंग पुढे सरकतो.

ह्या यादीची भाषिक घडण तपासली पाहिजे. येथे प्रत्येक दैवताची ओळख एका षष्ठ्यन्त पदाने करून दिलेली आहे: अमुक गोष्टीचा देव, तमुक गोष्टीची देवी. पाश्चात्त्य शालेय पुस्तकांतून ग्रीक-रोमन दैवतांचा परिचय असाच करून दिला जातो आणि कल्पित धर्म रचणारे बहुतेक लेखक हाच साचा वापरतात. एका रकान्यात नाव, शेजारच्या रकान्यात खाते. सचिवालयातील खातेवाटपासारखे हे दैवतमंडळ दिसते.

आता नांदेड आणि लातूर ह्या जिल्ह्यांतील माणूस आपल्या दैवतांची नावे कशी घेतो ते पाहावे. माहूरची रेणुका, माळेगावचा खंडोबा, रेणापूरची रेणुका. शेजारी सरकल्यास औंढ्याचा नागनाथ, परळीचा वैजनाथ, तुळजापूरची भवानी. षष्ठी येथेही आहे, पण ती कार्याची नसून स्थळाची आहे. मराठीत ‘-चा, -ची, -चे’ हा प्रत्यय पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, म्हणजेच तो मूळ शब्दाला विशेषणाचे रूप देतो. ‘माहूरची रेणुका’ म्हणताना माहूर हे गाव रेणुकेचे विशेषण होते. रेणुका कशाची देवी, असा प्रश्न माहूरच्या वाटेवरील यात्रेकरूला विचारल्यास त्याला प्रश्नाचा रोख समजणार नाही. ती माहूरची आहे. ती आमची कुलदेवता आहे. ती आई आहे. ह्यांपैकी कोणत्याही उत्तरात खाते नाही. माहूरला ती मुखरूपाने, शेंदूरचर्चित तांदळ्याच्या स्वरूपात पुजली जाते आणि प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा तांबूल मिळतो. ह्या दोन्ही गोष्टी तिच्या कोणत्याही ‘कार्या’तून काढून दाखविता येत नाहीत. त्यांच्यामागे कथा आहेत, आणि कथा एकमेकींशी जुळत नाहीत.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. मराठवाड्याच्या खेड्यांत कार्यदैवते नाहीत काय? सटवाई आहे, ती पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी प्राक्तन लिहिते. मरीआई आहे, पटकीच्या साथीशी तिचा संबंध सर्वश्रुत आहे. कंधारला ज्याच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष राष्ट्रकूटकालीन वैभवाची साक्ष देतात तो क्षेत्रपाल तर नावानेच आपले कार्य सांगतो. हेर्मान उझेनर ह्या जर्मन पंडिताने १८९६ मध्ये दैवतनामांवर लिहिलेल्या ग्रंथात अशा एककार्यी दैवतांचा स्वतंत्र वर्ग कल्पिला होता. परंतु ह्या नावांची घडण निराळी आहे. सटवाईच्या नावात षष्ठी तिथी विरघळलेली आहे आणि मरीआईच्या नावात मरी. कार्य नावाच्या पोटात गेले असल्यामुळे ते वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय ‘आई’ हा नात्याचा शब्द त्यांना जोडला गेला आहे. जिची भीती वाटते तिलाच आई म्हणावयाचे, ही ह्या नामकरणातील खरी धार्मिक घटना होय. ‘खंडोबा’, ‘म्हसोबा’, ‘विठोबा’ ह्यांतील ‘बा’चेही तेच. कल्पित दैवतमंडळांत असे नातेदर्शक प्रत्यय जवळजवळ आढळत नाहीत. लेखकाने देवांची नावे बनविलेली असतात, पण त्यांना हाक मारून पाहिलेली नसते.

सेंटॉरी यादीत एकच नाव ह्या दृष्टीने जिवंत वाटते, ते मोगॉथचे. पाताळ आणि पुढचे दार ह्यांचा संबंध काय? लेखकाने तो विनोदासाठी जोडला असेल. पण खऱ्या दैवतांची कार्ये अशीच विसंगत असतात, कारण ती इतिहासाच्या निरनिराळ्या थरांतून आलेली असतात. रोमनांकडे दाराच्या फळ्यांसाठी फोर्कुलस, बिजागरीसाठी कार्डेआ आणि उंबरठ्यासाठी लिमेंटिनुस अशी तीन दैवते होती. एका दाराला माणूस एक पुरतो आणि देव तीन लागतात, अशी त्यांची टर संत ऑगस्टीनने आपल्या ‘ईश्वराचे नगर’ ह्या ग्रंथात उडविली. ही यादी पुढे लोकांच्या तोंडी राहिली ती बव्हंशी ऑगस्टीनच्या उपहासामुळे, हे विसरता कामा नये.

मोजलेली दैवते बहुधा बाहेरच्या माणसाने मोजलेली असतात. ह्याचे मराठीतील ठळक प्रमाण म्हणजे महानुभावांचे देवताचक्र. ज्या माहूरला रेणुकेचे ठाणे आहे, तेच माहूर दत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणून महानुभावांनाही पूज्य आहे. त्या पंथाने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ मानले आणि देवतांची संख्या एक्क्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा अशी निश्चित केली. शेवटचे ‘दहा’ पाहण्यासारखे आहेत. इतकी काटेकोर मोजदाद मराठीत दुसरीकडे मिळणे कठीण. पण ही मोजदाद कशासाठी? देवता ह्या नित्यबद्ध असून त्या आपापल्या मर्यादेतील फळे देऊ शकतात, मोक्ष देऊ शकत नाहीत, हे दाखविण्यासाठी. देवतांना श्रेणी लावून, त्यांची गणती करून त्यांना परमेश्वराहून खाली बसविणे हा त्या शास्त्राचा हेतू होता. त्या शास्त्राची बौद्धिक उंची मोठी आहे ह्यात शंका नाही, पण ती देवतांच्या उपासकाची भाषा नव्हे. उपासक तेहतीस कोटी म्हणतो तेव्हा तो मोजत नसतो.

माळेगावच्या जत्रेत ह्याचे एक मजेदार उदाहरण ऐकू येते. मार्गशीर्षात भरणाऱ्या ह्या जत्रेत घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार भरतो आणि भंडारा उधळीत ‘येळकोट येळकोट’चा गजर होतो. ‘येळकोट’ची एक सर्वमान्य व्युत्पत्ती कानडी ‘एळु कोटि’ म्हणजे सात कोटी अशी दिली जाते. गजरात संख्या आहे, पण ती शेजारच्या भाषेत आहे, म्हणून ती संख्या म्हणून कोणाच्या कानावर पडत नाही. देवाचीही तीच गत: मराठीत खंडोबा, कानडीत मैलार, तेलुगूत मल्लन्ना. उदगीर, निलंगा, देगलूर, बिलोली ह्या सीमेवरच्या तालुक्यांत ही नावे एकमेकांच्या अंगणात वावरतात. म्हाळसा आणि बाणाई ह्या त्याच्या दोन पत्नी दोन वेगळ्या समाजांतून आलेल्या आणि त्यांचे सवतीचे भांडण गाण्यांतून अद्याप मिटलेले नाही. रामचंद्र चिंतामण ढेरे आणि गुंथर सोन्थायमर ह्यांनी ह्या दैवताचा जो धांडोळा घेतला, त्यातून पुढे येते ती समाजांच्या सोयरिकींची नोंद. सेंटॉरी देवांना असे शेजारी नाहीत. एक ग्रह, एक जाती, एक भाषा आणि एक दैवतमंडळ असे समीकरण विज्ञानकथेत गृहीत धरलेले असते. लातूर जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याला जे लागू पडत नाही ते सबंध ग्रहाला लागू पडेल, असे मानण्यास आधार कोणता?

त्याच भागात सेंटॉरी उत्सवाचे कारण सांगितले आहे आणि ते देवांच्या यादीपेक्षा अधिक बोलके आहे. त्यांच्या ग्रहावर पूर्वी झॉन नावाची दुसरी जात होती. दोघांत सतत युद्ध चाले आणि वर्षअखेर कोण उरले ह्याची मोजणी होई. उरलेल्यांचा आनंद म्हणजे हा उत्सव. झॉन आता नाहीत. आनंदाच्या मुळाशी नरसंहार आहे हे लेखकाने एका वाक्यात सुचविले आणि येथे त्याची कल्पकता खरोखर जागी झाली. मात्र ह्या मृत झॉनांना धर्मात कोठेही जागा नाही, हे खटकते. आपल्याकडे पराभूत शत्रू देवळाबाहेर राहत नाही. मल्लासुराचा भाऊ मणी वर मागून खंडोबाच्या सान्निध्यात राहिला. म्हसोबा हा महिषासुरच असावा, आणि काही ठिकाणी त्याला मारणारी देवीच त्याची पत्नी मानली जाते, ह्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९६२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात लक्ष वेधले होते. मेजावरच्या त्या मूर्तींत एखादी झॉनाचीही असती, तर सेंटॉरी धर्म विनोदाच्या पलीकडे गेला असता.

ह्या तुलनेतून मराठवाड्याच्या दैवतांचे गुणगान करण्याचा हेतू नाही. ज्या मराठीत देव ‘पावतो’, ‘कोपतो’, ‘अंगात येतो’, त्याच मराठीत मुली देवाला ‘सोडल्या’ जात. हे क्रियापद साधे दिसते आणि त्यात मुरळ्यांचे व जोगतिणींचे उभे आयुष्य गेलेले असते. पण मुद्दा असा की धर्माचे भलेबुरे सामर्थ्य ह्या क्रियापदांत असते: नवस बोलणे, नवस फेडणे, कौल लावणे, सोडणे. कल्पित धर्मांत नामे विपुल असतात आणि क्रियापदे नसतात. ‘पूजा करणे’ ह्या एकाच क्रियापदावर सगळा ग्रह चालतो. उर्सुला ले ग्विन ह्यांच्या १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ मध्ये गेथेन ग्रहावरील हंदारा आणि योमेश हे दोन पंथ प्रभावी वाटतात ते ह्यामुळेच. तेथे दैवतमंडळ नाही, परंतु आचार आहे, आणि मध्ये मध्ये येणाऱ्या दंतकथा त्या लोकांच्याच तोंडून सांगितलेल्या आहेत.

दुसरे उदाहरण ‘मास इफेक्ट’ ह्या खेळमालिकेतील ड्रेल जातीचे. ह्या मालिकेचा पहिला भाग २००७ मध्ये, दुसरा २०१० मध्ये आणि तिसरा २०१२ मध्ये आला. ड्रेल ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वळणाची, राखाना नावाच्या कोरड्या ग्रहावरील जात. तो ग्रह उजाड होऊ लागला तेव्हा हनार नावाच्या जलचर जातीने त्यांच्यापैकी थोड्यांना आपल्या काहजे ह्या समुद्रमय ग्रहावर नेऊन वाचविले. हनार लोक एका पूर्वकालीन प्रगत जातीला देव मानतात. म्हणजे नारळीकरांच्या शीर्षकांत जे घडले ते येथे एका जातीचा धर्म म्हणून आले आहे. (चारचौघांत हनार स्वतःविषयी ‘मी’ न म्हणता तृतीय पुरुषात बोलतात. मराठी प्रबंधलेखकांना ही सवय अपरिचित वाटू नये.) ड्रेलांची जुनी दैवते मात्र वेगळी: शिकाऱ्यांचा स्वामी अमोंकिरा, मातृत्वाची आणि संरक्षणाची अराशू, समुद्राची आणि मृत्यूनंतरच्या प्रवासाची कालाहीरा. प्रथमदर्शनी हीसुद्धा खात्यांची यादीच आहे.

तथापि वाळवंटी जातीला समुद्राची देवता कशी, ह्या प्रश्नापाशी थांबावे लागते. लेखकांची ही केवळ गफलत असेल. पण कलाकृतीत ती गफलत राहत नाही. जेथे पाणी दुर्मीळ आहे तेथे समुद्र हे पलीकडचे, कोणी न पाहिलेले स्थळ ठरते आणि मृतांना तेथे पाठविणे स्वाभाविक होते. पुढे ही जात प्रत्यक्ष समुद्रावर राहावयास गेली, तेथील दमट हवेने तिला फुप्फुसाचा असाध्य रोग जडला, आणि कालाहीरा ही मृत्यूची देवता रोज खिडकीतून दिसू लागली. दैवताचे नाव तेच राहून त्याचा अर्थ स्थलांतराने बदलला. हा बदल खेळात कोठेही स्पष्ट केलेला नाही, आणि नवी पिढी जुने देव सोडून इतरांचे मार्ग धरू लागली आहे एवढेच एक पात्र सांगते.

लातूर जिल्ह्यातील वाचकाला येथे किल्लारी आठवल्याखेरीज राहणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात हजारो माणसे गेली आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे मूळ जागेवरून उठून नव्या वसाहतींत गेली. किल्लारीचे नीलकंठेश्वराचे प्राचीन मंदिर जुन्या गावाच्या जागी राहिले. गाव हलते तेव्हा त्या गावाच्या षष्ठीने ओळखल्या जाणाऱ्या देवाचे काय होते? वेशीवरची मरीआई, वेस नाहीशी झाल्यावर, कोठे बसते? पुनर्वसनाच्या आराखड्यात घरे, शाळा आणि रस्ते मोजले जातात, वेशी मोजल्या जात नाहीत. नव्या वसाहतींतील दैवतनामांचा, विशेषतः ‘जुना’ आणि ‘नवा’ ही विशेषणे त्यांना कशी चिकटतात ह्याचा, पद्धतशीर संग्रह व्हावयास हवा. जुन्या गावठाणात वावरलेली पिढी आता उतारवयाला लागली आहे.

ड्रेल धर्माची उरलेली बाजू एका व्याकरणिक बारकाव्यात आहे. तिसऱ्या भागात थेन क्रिऑस हा ड्रेल मरणशय्येवर असता कालाहीरेची प्रार्थना म्हणू लागतो, त्याचा श्वास पुरत नाही आणि त्याचा मुलगा कोल्यात ती पोथीतून पुरी करतो. खेळणाऱ्याने नायकाऐवजी नायिका निवडली असल्यास प्रार्थनेच्या अखेरच्या भागात स्त्रीलिंगी सर्वनाम येते. मरणारा पुरुष असता हे सर्वनाम कसे, असे नायिका विचारते. मुलगा सांगतो की वडिलांनी स्वतःसाठी क्षमा पूर्वीच मागितली होती. ही प्रार्थना तिच्यासाठी होती. देवीच्या खात्याविषयी ह्या प्रसंगात एक अक्षर नाही. देवीला संबोधन आहे, तिच्यापाशी मागणे आहे, आणि ते मागणे धर्माबाहेरच्या, जातीबाहेरच्या एका व्यक्तीकरिता आहे. यादीतील तीन नावांपैकी कालाहीरा हे एकच नाव दैवत होते ते येथे, मुलाने बापाचे अर्धे राहिलेले वाक्य उचलले त्या क्षणी. उरलेली दोन नावे नामावलीतच राहतात.